तपासले किती?

भामरागड तालुक्याच्या एका तक्त्यात काही पाड्यांपुढे पावसाळ्यात शून्य होतं. ऐन हंगामात तिथला मलेरिया गेला कुठे? पटेना, म्हणून गेलो.

आशाताईंनी तापाने मलूल झालेल्या पोराचं बोट स्पिरिटने पुसलं, सुई टोचली, थेंब किटवर घेतला. निकालाला पंधरा-वीस मिनिटं. तोवर त्या त्याच्या आजीशी माडियात बोलत होत्या. मी तक्ता पुढे केला. शून्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथे गेलं कोण होतं? पर्लकोटा नदीला पूर. 15 दिवस रस्ता बंद."

15 दिवस. घरोघरी जाऊन तापाचे रुग्ण शोधायची फेरी 15 दिवसांनीच व्हायची असते. डासाच्या अंगात शिरलेला फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी साधारण 10 ते 14 दिवसांत पुढच्या माणसाला द्यायला तयार होतो. एक फेरी बुडाली, की त्याला पुरेसा वेळ मिळाला.

रोनाल्ड रॉस यांनी 1911 सालच्या पुस्तकात मलेरियाच्या फैलावातलं डास आणि माणसं यांचं गणित मांडलं. आजची प्रारूपंही त्याच पायावर उभी आहेत. त्यांत आकडे मात्र आपण भरायचे. सरकारी निर्देशांक म्हणजे वर्षभरातले रुग्ण भागिले लोकसंख्या, गुणिले हजार. छेदात अख्खं गाव. तपासलेली माणसं नव्हेत. जिथे कुणी पोचलंच नाही, ते गाव कागदावर सर्वांत निरोगी. हे मला भयंकर वाटतं.

चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 60 जणांत एकही रुग्ण नाही, तर खरं प्रमाण फार तर 5 टक्के असेल, असं 95 टक्के खात्रीने म्हणता येतं. फक्त 6 जण तपासले असतील तर तीच मर्यादा 39 टक्क्यांवर जाते. तक्त्यात दोन्हीकडे शून्यच. चांगलं प्रारूप 'किती सापडले'च्या शेजारी 'किती तपासले' मागतं. तपासणीच झाली नसेल तिथे शून्य न धरता जागा रिकामी ठेवतं, आणि शेजारची गावं, पाऊस, जंगल यांवरून अंदाज बांधतं, तोही किती कच्चा आहे हे सांगून.

किटवर फाल्सिपेरमची रेघ उमटली. ताईंनी गोळ्यांचा पहिला डोस समोरच गिळायला लावला. मग आजीला विचारलं, रोवणीच्या दिवसांत हा शेतावरच्या झोपडीत कुणाकुणासोबत झोपत होता? तिघांची नावं वहीत गेली. तक्त्यात ती कधीच उतरणार नाहीत, पण रोग कुठून कुठे गेला हे त्यांच्यावरूनच कळेल. ताईंनी पिशवीतली किट मोजली आणि शेताकडे निघाल्या.