बोटांना मानवणारा कळफलक

संगणकासोबत मिळणाऱ्या साध्या कळफलकात सर्व कळींखाली रबराचा एकच पातळ पडदा असतो आणि त्यावरचा घुमट दबून तळाला टेकला तरच अक्षर उमटते. यांत्रिक कळफलकात मात्र प्रत्येक कळीखाली स्प्रिंग आणि धातूची संपर्कपट्टी असलेला स्वतंत्र स्विच बसवलेला असल्यामुळे कळ साधारण अर्ध्या वाटेवर पोहोचताच अक्षराची नोंद होते. म्हणूनच निवडीचा विचार रंगीत दिव्यांपासून न करता स्विचपासून करायला हवा.

चेरी या कंपनीने 1980च्या दशकात आणलेल्या ‘एमएक्स’ स्विचची मापे पुढे अनेक उत्पादकांनी स्वीकारली आणि त्यांचे रंग हीच प्रकारांची ओळख ठरली. ‘रेड’ स्विच कोणताही अडथळा न जाणवता सरळ खाली जातो. तो एकूण 4 मिलिमीटर दबतो, पण 2 मिलिमीटरवरच आणि सुमारे 45 ग्रॅम वजनाइतक्या दाबाने अक्षर नोंदवतो. ‘ब्राऊन’मध्ये नोंदीच्या जागी बोटाला लहानसा उंचवटा लागतो, तर ‘ब्लू’मध्ये उंचवट्यासोबत ठसठशीत टिकटिकही होते, जी लिहिणाऱ्याला कितीही सुखावत असली तरी शेजारी बसून काम करणाऱ्याला सहन होईलच असे नाही; त्यामुळे सामायिक खोलीत ‘ब्लू’ टाळणेच योग्य.

मराठी लेखन करणाऱ्याने या निकषांत आणखी एकाची भर घालावी, आणि खरेदीविषयीच्या चर्चेत नेमका तोच सुटतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 1991च्या मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत ज, च, ट आणि ड ही चारही व्यंजने उजव्या करंगळीकडे येतात, त्यांची महाप्राण रूपे, म्हणजे झ, छ, ठ, ढ, उमटवताना डावी करंगळी शिफ्टवर ठेवावी लागते आणि ‘आणि’ हा एवढासा शब्द लिहितानाही आ व ण या दोन्ही अक्षरांसाठी शिफ्ट दाबावी लागते. इंग्रजी लेखनात शिफ्ट मुख्यतः मोठ्या अक्षरांपुरती लागते. इथे मात्र सर्वांत दुर्बळ बोटांवर दिवसभर भार पडतो, त्यामुळे सुमारे 60 ग्रॅम दाब मागणारा ‘ब्लॅक’ स्विच दीर्घ मराठी लेखनाला जड जाण्याची शक्यता अधिक. अर्थात बोटे कळींवर टेकवून विचार करत बसण्याची सवय असेल, तर फार हलक्या स्प्रिंगमुळे नको ती अक्षरे उमटतात.

आकाराबाबत थोडक्यात सांगायचे तर आकड्यांचा स्वतंत्र गट नसलेला कळफलक माउस हाताजवळ आणतो, परंतु हिशेबाच्या कामात तोच गट लागतो; आणि विरामचिन्हांच्या कळीही वगळणारे अतिलहान कळफलक इन्स्क्रिप्टसाठी गैरसोयीचे, कारण ट आणि ड त्याच कळींवर असतात. कळींच्या टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या असाव्यात, कारण एबीएसच्या टोप्या वापराने लवकर तुळतुळीत होतात.

पसंतीची खात्री नसेल तर डाग न देता स्विच काढून दुसरे बसवता येणारा, ‘हॉट-स्वॅप’ म्हणून विकला जाणारा कळफलक घ्यावा: त्यात इतरत्र मनाजोगे स्विच ठेवून करंगळीखालच्या मोजक्या कळींनाच हलके स्विच बसवता येतात.