विहिरीवरचा पिस्टन, आकाशातला रोटर

आमच्या धाराशिव भागात मोटेच्या जागी डिझेल इंजिने आली, तेव्हा कुणाच्या मळ्यात पाणी चालू आहे हे गावात बसून आवाजावरून ओळखता येई. पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ सालची. तिची इंजिने महाराष्ट्रभर विहिरींवर पोचली. हँडल मारताना दंड भरून येत; पण जड फ्लायव्हीलने एकदा वेग घेतला की इंजिन रात्रभर चाले. बिघडलेच तर तालुक्याच्या गावी पिस्टनच्या रिंगा मिळत आणि त्या बसवणारा मिस्त्रीही. आता बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आहेत.

मला मात्र त्या काळापासून एक कोडे पडे. पिस्टन वर-खाली धावतो आणि चाक गोल फिरते. मग मुळातच गोल फिरणारे इंजिन का करू नये?

जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांनी तेच केले. त्यांचे इंजिन १९५७ साली प्रथम चालले. कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत तीन टोकांचा रोटर फिरतो. हवा ओढणे, दाबणे, इंधन जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे तो फिरता फिरता उरकतो. झडपा नाहीत, हादरेही फारच कमी. चार-स्ट्रोक इंजिनात एका पिस्टनचा जोर शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा मिळतो. इथे एका रोटरचा दर फेरीला. म्हणून लहानसे, हलके इंजिन मोठी ताकद देते. १९९१ मध्ये माझदाने याच जातीच्या इंजिनावर ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली.

मग ते विहिरीवर का आले नाही? रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजल्या की दाब निसटतो. जळण्याची जागा लांबट असल्याने इंधन जास्त लागते, वंगणाचे तेलही जळते. डिझेलला लागणारा मोठा दाब त्यात साधणे अवघड. दुष्काळात डिझेलचा एकेक लिटर मोजणाऱ्या शेतकऱ्याला हे कसे परवडावे?

तरी या इंजिनाला त्याचे काम सापडले, तेही आमच्या शेजारच्या जिल्ह्याच्या मदतीने. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या संरक्षण वाहन संशोधन संस्थेने बंगळुरूच्या दोन संस्थांबरोबर ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन बनवले. २००९ मध्ये त्यावर निशांत उडाले. आकाशात प्रत्येक किलो वजन मोजावे लागते, तिथे हलकेपणाच कामी येतो.

कोणते इंजिन चांगले, असे घरातली मुले विचारतात. मी त्यांना म्हणतो, आधी काम कोणते ते सांगा. आणि बिघडल्यावर ते दुरुस्त कोण करणार, तेही सांगा.