प्रॉक्सीची डिस्क भरली? नोंदी पुसण्याआधी थांबा!

फॉर्म भरण्याचा शेवटचा दिवस. दुकानात विद्यार्थ्यांची रांग आणि सगळ्या संगणकांवरचे इंटरनेट एकदम बंद! लाइन चालू आहे, तारा ठीक आहेत. मग बिघाड कोठे? अशा वेळी कोपऱ्यातला प्रॉक्सी संगणक आधी पाहावा. त्याची डिस्क भरलेली असू शकते. नगर, संगमनेर, श्रीरामपूर भागात सायबर कॅफे किंवा संगणक वर्ग चालविणाऱ्या तरुणांनी ही माहिती जवळ ठेवावी.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून फार मंद चाले. एकाने पाहिलेले पान साठवून ठेवावे व दुसऱ्याने मागताच तेथूनच द्यावे, हे प्रॉक्सीचे काम. १९९६ पासून मोफत मिळणारे ‘स्क्विड’ हे त्यासाठीचे परिचित सॉफ्टवेअर होय. आज बहुतेक पाने सांकेतिक रूपात येत असल्याने साठ्याचा फायदा घटला आहे. तरीही नको त्या साइट अडविण्यास व वापराची नोंद ठेवण्यास प्रॉक्सी उपयोगी पडतो.

डिस्क भरण्याची मुख्य कारणे तीन. पहिले, साठ्याला दिलेली अवाजवी जागा. शंभर जीबीचा भाग असेल तर साठ्याला ८० जीबीपेक्षा जास्त देऊ नये. दुसरे, रोज वाढणारी नोंदीची फाइल. ती लिहायला जागा उरली नाही की स्क्विड बंद पडतो. तिसरे कारण फसवे आहे. जागा शिल्लक दिसते, पण ‘आयनोड’ संपलेले असतात. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि साठ्यात लाखो बारीक फाइली असतात.

लिनक्सवर ‘डीएफ’ आज्ञेने जागा कळते, तिला ‘आय’ हा पर्याय जोडला की आयनोड कळतात. कोणत्या फोल्डरने जागा खाल्ली, हे ‘डीयू’ सांगते.

येथे घाईत चूक होते. चालू स्क्विडची नोंद-फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही, कारण स्क्विडने ती उघडी धरलेली असते. शिवाय सायबर कॅफेविषयीच्या २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रॉक्सीच्या नोंदी किमान एक वर्ष जपणे बंधनकारक आहे. उद्या चौकशी आली तर दुकानदार काय दाखविणार?

म्हणून जुन्या नोंदी आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. मग ‘रोटेट’ आज्ञेने नवी फाइल सुरू करावी. साठा मात्र स्क्विड बंद करून खुशाल रिकामा करावा आणि ‘झेड’ पर्यायाने त्याचे फोल्डर पुन्हा तयार करावेत. पुढे नोंदींसाठी डिस्कचा वेगळा भाग ठेवावा व आठवड्यातून एकदा जागा तपासावी.

साठा चार दिवसांत पुन्हा भरतो. पुसलेली नोंद परत येत नाही.