शिष्यवृत्तीचा मेल स्पॅममध्ये, ईमेल पत्ता मात्र गावभर

मागच्या जूनमध्ये आमची एक माजी विद्यार्थिनी वालिदांना सोबत घेऊन अकोल्याहून अमरावतीला आमच्या घरी आली. बारावीला चांगले गुण होते. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी तिने अर्ज केला होता आणि मैत्रिणींना उत्तर येऊन गेले होते. "सर, मेरेकू मेल आयाच नई," एवढेच ती सांगत होती. मोबाईल उघडून पाहिला तर इनबॉक्समध्ये न वाचलेले चार हजारांवर मेल. कर्ज घ्या, लॉटरी लागली, घरबसल्या कमवा, टेस्ट सिरीजवर सूट. ट्रस्टचा मेल शेवटी सापडला तो स्पॅम फोल्डरमध्ये. आठ दिवसांत कागदपत्रे पाठवा, असे त्यात लिहिले होते. मेल येऊन एकोणीस दिवस झाले होते. तिथूनच फोन लावला, तर यादी बंद झाली होती. आणखी अकरा दिवस गेले असते तर तो मेलसुद्धा दिसला नसता, कारण स्पॅममध्ये गेलेले मेल जीमेल 30 दिवसांनी आपोआप पुसून टाकते.

मग चहा घेता घेता आम्ही तिच्यासोबत कागद घेऊन बसलो आणि विचारले, हा पत्ता आजवर कुठे कुठे दिला? ती आठवून आठवून सांगत गेली. नीटचा फॉर्म, दोन कोचिंगच्या मोफत टेस्ट, शेरोशायरीचा एक ऑनलाइन ग्रुप, मेहंदी डिझाइनचे ॲप, मोबाईलच्या दुकानातला लकी ड्रॉ, नोट्स देणाऱ्या टेलिग्राम चॅनलचा गुगल फॉर्म. शिवाय फेसबुकवर शिष्यवृत्तीची एक पोस्ट आली होती, तिच्याखाली कॉमेंटमध्येही पत्ता टाकलेला. पान भरले. या सगळ्यांसाठी पत्ता एकच.

शेवटची ती कॉमेंट सगळ्यात महागात पडणारी. आपल्या समाजात शिष्यवृत्ती किंवा नोकरीची पोस्ट दिसली की तिच्याखाली शेकडो मुले "सर, प्लीज सेंड डिटेल्स" लिहून आपला ईमेल टाकतात. अशी उघडी पाने चाळत फिरणारे प्रोग्राम असतात. त्यांना वाचता येत नाही, पण ॲटचे चिन्ह आणि त्याच्या मागेपुढे जोडलेली अक्षरे ओळखता येतात. तेवढे उचलून यादी बनते आणि यादी विकली जाते. ग्रुपमध्ये सामील होताना बनवलेल्या प्रोफाइलवर ईमेल सगळ्यांना दिसत असेल तर तिथेही हाच प्रकार. फेसबुक किंवा लिंक्डइनवर आपला ईमेल कोणाला दिसतो, ही सेटिंग एकदा उघडून पाहा. "फक्त मी" असे करायला मिनिट लागत नाही.

दुसरी वाट आपल्या हातात नसते. आपण विश्वासाने पत्ता देतो आणि त्या कंपनीकडूनच तो फुटतो. मे 2020 मध्ये अनअकॅडमी या शिकवणीच्या कंपनीचा डेटा विक्रीला निघाल्याची बातमी आली होती. सुमारे 1.1 कोटी विद्यार्थ्यांची ईमेल माहिती बाहेर गेल्याचे कंपनीनेच मान्य केले. 2017 मध्ये झोमॅटोचे आणि 2020 मध्ये बिग बास्केटचेही तसेच झाले. आपला पत्ता अशा एखाद्या गळतीत सापडला आहे का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट पाहता येते. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ती 2013 मध्ये सुरू केली. तिथे फक्त ईमेल टाकायचा, पासवर्ड नाही. नाव निघाले तर त्या कंपनीचा पासवर्ड बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही बदला.

मध्येच एक गंमत. स्पॅम हे मुळात अमेरिकेत 1937 पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद डुकराच्या मांसाचे नाव आहे. 1970 साली एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमात एक हॉटेल दाखवले होते, जिथे जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच असते आणि तेच नाव पुन्हा पुन्हा कानावर आदळते. पुढे नको असलेल्या संदेशांना तेच नाव पडले. तेव्हा हे आपल्या इनबॉक्समध्ये नकोच, याला आणखी एक कारण मिळाले म्हणा.

आता उपाय. आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या घरांना ओसरी असते. ओळखीचा, बिनओळखीचा, कोणी का येईना, आधी ओसरीवर बसतो. आत कोणाला घ्यायचे ते घरचे लोक ठरवतात. ईमेलचेही तसेच करा. पत्ते दोन ठेवा.

घरातला पत्ता नीट, सीईटी, शिष्यवृत्ती, बँक, डिजिलॉकर, पासपोर्ट आणि हजच्या अर्जासाठी. तो कुठल्याही ग्रुपला, दुकानाला, ॲपला द्यायचा नाही. ओसरीचा पत्ता बाकी सगळ्या दुनियेसाठी. त्याच्या नावात आपले पूर्ण नाव किंवा जन्मसाल घालू नका. आपण सामील झालेला ग्रुप चांगला निघाला, तरी पत्ता ओसरीचाच राहू द्या. ग्रुप चालवणारे भले असतील, पण उद्या तो कोणाच्या हाती जाईल ते त्यांनाही ठाऊक नसते. ओसरीवर फारच गर्दी झाली तर तो पत्ता सोडून नवा काढता येतो. घरातला पत्ता बदलायचा म्हणजे दहा कार्यालयांत अर्ज करत फिरा.

जीमेलमध्ये आणखी एक सोय आहे, फार कमी लोकांना माहीत असलेली. आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह लावून कोणताही शब्द जोडता येतो. म्हणजे शायरीच्या ग्रुपला "नाव+शायरी" आणि टेस्ट सिरीजला "नाव+टेस्ट", पुढे ॲट जीमेल डॉट कॉम नेहमीप्रमाणे. मेल आपल्याच इनबॉक्समध्ये येतो. उद्या "नाव+टेस्ट" या पत्त्यावर कर्जवाल्याचा मेल आला की पत्ता कोणाकडून गेला ते लगेच कळते आणि त्या पत्त्यावर फिल्टर लावून सगळे थेट कचऱ्यात टाकता येते. मात्र यावर सगळी भिस्त ठेवू नका. काही फॉर्म अधिकचे चिन्ह घेतच नाहीत, आणि हुशार स्पॅमवाला ते चिन्ह काढून मूळ पत्ता मिळवतो. त्यापेक्षा पक्के हवे असेल तर फायरफॉक्स रिले पाच मुखवटा पत्ते मोफत देते. त्यावर आलेला मेल आपल्याकडे येतो, आपला खरा पत्ता समोरच्याला कळत नाही, आणि तो मुखवटा केव्हाही बंद करता येतो.

नेट कॅफेबद्दल वेगळे सांगावे लागेल. अमरावतीच्या चांदणी चौकात काय किंवा अकोल्याच्या ताजनापेठेत काय, फॉर्म भरणारा पोरगा घाईत असतो. मुलाला ईमेल आठवला नाही की तो स्वतःचाच टाकून देतो. मग मुलाचे ओटीपी आणि प्रवेशाची पत्रे त्याच्याकडे जातात, आणि ऑगस्टमध्ये त्याला कोण कुठला मुलगा तेही आठवत नाही. कॅफेतच नवा ईमेल काढून घेतला तर पासवर्डही त्यालाच माहीत. घरातला पत्ता घरी, घरच्याच मोबाईलवर काढा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. वही घरात असेल तर त्यात काही धोका नाही, लोक उगाच घाबरवतात.

आता आमचाही कबुलीजबाब घ्या. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा आम्ही बासष्ट पालकांना एकच मेल पाठवला आणि सगळ्यांचे पत्ते वरच्या "टू" रकान्यात भरले. प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसला. आठवड्यात त्यातल्या एका विमा विकणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यांना योजना पाठवल्या. आयांचे फोन आम्हाला आले, आणि यायलाच पाहिजे होते. पत्ते "बीसीसी" रकान्यात टाकले की कोणालाच दुसऱ्याचा दिसत नाही. हे आम्हाला बीएडमध्ये कोणी शिकवले नव्हते. जगातला पहिला स्पॅम समजला जातो तो मेलही असाच यादीवरून गेला होता. 3 मे 1978 रोजी गॅरी थुर्क या अमेरिकन विक्रेत्याने संगणकाची जाहिरात सुमारे 400 जणांना पाठवली, आणि पत्ते घेतले होते ते वापरणाऱ्यांच्या छापील डिरेक्टरीतून. आपल्या शाळा, जमाती, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सदस्यांच्या याद्या ईमेल-मोबाईलसकट पीडीएफ करून टाकतात. ती पीडीएफ म्हणजे तशीच डिरेक्टरी.

कायदा आता आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. 18 वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची खात्रीशीर संमती लागेल, असे त्यात आहे. पण सगळी कलमे एकदम लागू होत नाहीत, टप्प्याटप्प्याने होत आहेत. तोवर आपला पत्ता आपणच सांभाळायचा.

पत्ता आधीच बिघडला असेल तर? अनोळखी मेलला उत्तर देऊ नका, "मेल नको" असेही नाही. त्यातल्या "अनसबस्क्राइब"वर दाबले तरी पलीकडच्याला कळते की इथे माणूस जागा आहे. तिथे "रिपोर्ट स्पॅम" करा. ओळखीच्या कंपनीचा मेल असेल तर मात्र अनसबस्क्राइब चालते. मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांनी ते एका दाबात करून द्यावे, अशी अट गुगलने 2024 मध्ये घातली आहे. जीमेलच्या सेटिंगमध्ये "चित्र दाखवण्याआधी विचारा" निवडा, कारण मेल उघडला की नाही ते चित्रावरूनही पाठवणाऱ्याला कळू शकते. महत्त्वाचा मेल स्पॅममध्ये दिसला तर "नॉट स्पॅम" दाबा आणि पाठवणाऱ्याचे नाव कॉन्टॅक्टमध्ये घाला. लिंक दाबून पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन लावा.

त्या मुलीला आमच्यासमोरच नवा पत्ता काढून दिला आणि प्रवेशाच्या पोर्टलवर, बँकेत तोच नोंदवला. ट्रस्टचे अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा निघणार आहेत. परवा तिचे वालिद भेटले. आता दर जुम्म्याला नमाजहून आले की ते मुलीचा मोबाईल मागून घेतात आणि चष्मा लावून स्पॅम फोल्डर वाचतात.