'गाडी कशी आहे?' म्हणजे 'तू कसा आहेस?'

गाडीवेड्यांची जमात आपल्या कॉलेजला नवीन नाही. वर्कशॉपच्या मागे, बाहाच्या बगीखालून रात्री दीड वाजता जी चार पावलं बाहेर आलेली दिसतात ती आमच्याच टीमची. घरचे म्हणतात, ह्या लोकांना माणसांपेक्षा लोखंड प्रिय. या आरोपाला उत्तर म्हणून हा लेख लिहितेय आणि पुरावा आणलाय थेट अमेरिकेतून. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे इंजिनाच्या पार्ट्सना शुद्ध मराठी शब्द शोधायला जाऊ नका. मेसमध्ये बोलतो तसंच लिहिणार आहे.)

अमेरिकेच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर जून ते नोव्हेंबर हा हरिकेनचा सीझन. हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच, फक्त अटलांटिकमधलं. वादळ पुढे सरकलं की तिथल्या मस्टँगवाल्यांच्या, पोर्शेवाल्यांच्या, जीपवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक काम सुरू होतं. हजेरी! कोणाचं उत्तर आलं, कोणाचं नाही, शेवटचं कोण कोणाशी बोललं. प्रश्न बहुतेक वेळा गाडीचाच असतो. गॅरेजमध्ये पाणी शिरलं का? गाडी वरच्या मजल्यावरच्या पार्किंगला हलवली होतीस ना? बाहेरच्या माणसाला वाटेल, काय हे लोक, गावं वाहून गेली आणि यांना गाडीचं पडलंय. पण उत्तर द्यायला माणूस जिवंत लागतो. गाडी हे फक्त निमित्त.

वादळ गेल्यावर धोका संपत नाही

हरिकेनची कॅटेगरी, म्हणजे १ ते ५ हा आकडा, फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरतो. ताशी २५२ किलोमीटरला कॅटेगरी ५ सुरू होते. पाऊस किती पडेल, पूर किती येईल, लाईट किती दिवस जाईल हे त्या आकड्यात कुठेच नसतं. आणि माणसं जातात ती बऱ्याचदा त्यानेच.

सर्वांत वाईट उदाहरण पोर्तो रिकोचं. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया हरिकेन तिथे धडकलं. सरकारी मृतांचा आकडा कितीतरी महिने ६४ होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने पुढच्या काही महिन्यांतले एकूण मृत्यू आणि नेहमीचे मृत्यू यांची तुलना केली. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने नवा आकडा मान्य केला, २९७५. हे जास्तीचे लोक वाऱ्याने उडून गेले नव्हते. सगळ्या बेटाची वीज गेली, रस्ते तुटले, औषधं आणि दवाखाने लांब पडले. कोणीतरी वेळेवर दार वाजवलं असतं तर यातले काही वाचले असते, असं म्हणायला नक्कीच जागा आहे.

दुसरा धोका तर आपल्याच सिलॅबसमधला आहे. कार्बन मोनॉक्साइड. लाईट गेली की लोक जनरेटर घरात, व्हरांड्यात किंवा गॅरेजमध्ये लावतात. काहीजण मोबाईल चार्ज करायला बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसतात. ह्या गॅसला वास नाही, रंग नाही. ऑगस्ट २०२० मध्ये लॉरा हरिकेन लुइझियानावरून गेल्यावर जनरेटरच्या धुराने कुटुंबंच्या कुटुंबं गुदमरली. म्हणून जाणकार गाडीवाला फोनवर हमखास विचारतो, "जनरेटर कुठे ठेवलायस?" हा प्रश्न मावशी-काकांना सुचेलच असं नाही.

ओळख सैल, पण लांबची

आता मुख्य मुद्दा. नातेवाईक असताना क्लबवाल्याची गरज काय?

कारण नातेवाईक बऱ्याचदा त्याच पुरात असतात. भाऊ शेजारच्या गल्लीत, सासर पुलापलीकडे. सगळ्यांची लाईट एकत्र जाते, सगळ्यांचे फोन एकत्र बंद पडतात. गाडीवाल्यांच्या ओळखी मात्र लांब पसरलेल्या. तिथले मोठे क्लब जुने आहेत. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका १९४४ चा, पोर्शे क्लब ऑफ अमेरिका १९५५ चा. ते विभागवार चालतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याची ओळख चारशे किलोमीटर आत, कोरड्या जागी असलेल्या माणसाशी असते. दोघांना जोडणारा धागा काय, तर एकदा कार्ब्युरेटरचा एक पार्ट पाठवला होता.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की जवळचे मित्र आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यामुळे त्यांना आपल्याइतकंच माहीत असतं. नवीन माहिती येते ती सैल ओळखींतून. त्याने नोकऱ्या कशा मिळतात ते पाहिलं होतं, वादळं नाही. पण हिशोब इथेही लागू पडतो. पुरात अडकलेल्याला बाहेरचं जग हवं असतं आणि बाहेरच्या जगाशी त्याचा धागा म्हणजे ही सैल ओळख. तिथल्या आपत्कालीन संस्थाही हेच सांगतात. घरातल्या सगळ्यांनी दुसऱ्या राज्यातला एकच माणूस ठरवून ठेवावा आणि प्रत्येकाने आपली खुशाली त्याला कळवावी. क्लबमध्ये असा माणूस आयता मिळतो.

शिवाय क्लबवाल्याला नातेवाईकांना माहीत नसलेल्या गोष्टी माहीत असतात. हा माणूस एकटा राहतो. याचं घर खाडीला लागून आहे. हा गाडी सोडून निघणार नाही! जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांत रिटायर्ड मंडळी खूप. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा येणारा "गिअरबॉक्सचं काय झालं?" हा फोनच कधीकधी सगळ्यात नियमित फोन असतो.

फोन लागत नाही तेव्हा

वादळानंतर कॉल लागत नाही, पण एसएमएस कधीतरी पोचतो. का? कॉलला दोन्ही टोकांमध्ये सलग जागा लागते. एसएमएस अगदी छोटा असतो, जागा नसेल तर नेटवर्कमध्ये थांबतो आणि मिळेल तेव्हा सरकतो. आपण मेसच्या रांगेत उभे राहतो तसंच. म्हणून खुशाली लिहून पाठवावी, नाव-ठिकाण-वेळ एकाच मेसेजमध्ये. फोनची बॅटरीही वाचते.

हार्वी हरिकेन २५ ऑगस्ट २०१७ ला टेक्सासला धडकलं. नेदरलँड नावाच्या गावी एकूण १५३९ मिलिमीटर पाऊस झाला. ह्युस्टन पाण्यात गेलं, पण मोबाईल नेटवर्क बऱ्यापैकी टिकलं. त्यामुळे झेलो नावाच्या वॉकीटॉकी ॲपवर लोकांनी बचावकार्य जुळवलं. लुइझियानातून बोटवाले आले आणि उंच केलेल्या ट्रकचे शौकीनही आले. एरवी ज्या ट्रकला लोक "एवढं उंच कशाला?" म्हणून हसतात, त्यातून माणसं बाहेर काढली. फसलेला लष्करी ट्रक एका मॉन्स्टर ट्रकने ओढून काढल्याचा व्हिडिओ तेव्हा जगभर फिरला होता.

हेलीनच्या वेळी गोष्ट वेगळी. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ते फ्लोरिडात आलं आणि सर्वांत मोठी हानी झाली सुमारे ६०० किलोमीटर उत्तरेला, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात. अ‍ॅशव्हिल समुद्रापासून लांब, उंचावर. तिथे हरिकेनची भीती कोणाला वाटणार? नद्यांनी रस्ते, पूल, फायबरच्या लाईनी सगळं नेलं. एकूण सुमारे २५० माणसं गेली.

हा डोंगराळ भाग म्हणजे अमेरिकन गाडीवेड्यांची पंढरी. ब्लू रिज पार्कवे हा ७५५ किलोमीटरचा रस्ता इथूनच जातो. हेलीननंतर तो पूर्ण बंद झाला होता. मोबाईल बंद, पण मिचेल शिखरावरचा हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर चालू राहिला. २०३७ मीटर उंचीवरून त्याने दऱ्याखोऱ्यांतले आवाज एकमेकांना ऐकवले. अमुक रस्त्यावरच्या आजीबाई ठीक आहेत का, हे लोक त्यावर विचारत होते. डोंगरात जीप घेऊन फिरणाऱ्यांपैकी अनेकांकडे रेडिओ असतोच, कारण ट्रेलवर एरवीही रेंज नसते. छंदासाठी घेतलेली वस्तू अशी कामाला आली. पाणी, औषधं घेऊन फोर बाय फोरवाले आतल्या वाड्यांपर्यंत गेले.

पण एक इशारा. पश्चिम नॉर्थ कॅरोलिनातले सगळे रस्ते बंद समजा, असं तिथल्या रस्ते विभागाने सांगितलं होतं. न विचारता घुसणारा हौशी वीर स्वतःच अडकतो आणि त्याला काढायला दोन माणसं जास्त लागतात. ज्यांनी स्थानिक फायर स्टेशनला विचारून काम घेतलं, त्यांचा उपयोग झाला.

पहिला सल्ला: चावी फिरवू नकोस

माणूस ठीक आहे म्हटल्यावर मग गाडी. पाणी ओसरलं की पहिला मोह होतो स्टार्ट मारून बघायचा. समजा १२०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. एका सिलिंडरला ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो १० धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ३०० भागिले ९, म्हणजे साधारण ३३ सीसी. दोन मोठे चमचे! त्यापेक्षा जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वर जाऊच शकत नाही, कारण पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. बॅटरी काढ, प्लग काढ, ऑइल बघ, मग पुढचं.

खारं पाणी तर फारच वाईट. ते वीज वाहतं आणि कनेक्टर गंजवतं. २०१२ च्या सँडी वादळात न्यू जर्सीच्या बंदरात उभ्या असलेल्या १६ फिस्कर कर्मा गाड्या जळाल्या. २०२२ च्या इयननंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांनी काही दिवसांनंतरही पेट घेतला. म्हणून तिकडे सांगतात, अशी गाडी घरापासून किमान १५ मीटर लांब ठेवा. हा सल्ला देणाऱ्याने अख्खं घर वाचवलं म्हणायचं.

आणि पाण्यातून गाडी घालणं? सरळ आर्किमिडीज. लहान गाडी ४ मीटर लांब, १.७ मीटर रुंद, क्षेत्रफळ ६.८ चौरस मीटर. पाणी बुडाच्या वर १५ सेंटीमीटर आलं की सुमारे १ घनमीटर, म्हणजे १ टन पाणी बाजूला सारलं जातं. गाडीचं वजनही जवळपास तेवढंच. ग्राउंड क्लिअरन्स १७ धरा, म्हणजे ३२ सेंटीमीटरला गाडी तरंगायला लागते. अमेरिकेचं हवामान खातं वाहत्या पाण्यासाठी १२ इंच, म्हणजे ३० सेंटीमीटरच सांगतं. गुडघ्याच्याही खाली! चाकाला ग्रिप नाही, तर स्टिअरिंग आणि ब्रेक नुसते शोभेचे.

आणि आपण?

हार्वीचा पाऊस काही दिवसांचा होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर एका दिवसात पडला, आणि त्या रात्री मुंबईत बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. आपल्या हॉस्टेलवर कोल्हापूर-सांगलीची मुलं आहेत, चिपळूणची आहेत. २०१९ आणि २०२१ चे पूर त्यांनी घरातून पाहिलेत.

आमच्या टीममध्ये सस्पेन्शनवाला, ब्रेकवाली, वेल्डिंगवाला अशीच ओळख असते. आडनावं व्हायवाच्या दिवशी कळतात. दुसऱ्या कॉलेजातल्या एका मुलाला मी केवळ त्याच्या गिअरबॉक्समुळे ओळखते. पण हीच ती सैल आणि लांबची ओळख. म्हणून या वर्षी आम्ही टीमची एक यादी केलीय. गाव, घरचा एक नंबर, वेगळ्या जिल्ह्यातला एक नंबर, घरात कोणी आजारी किंवा एकटं आहे का. प्रिंट काढून वर्कशॉपच्या कपाटावर चिकटवलीय, कारण मोबाईल बंद पडला की त्यातले नंबरही गेले. ज्याच्या गावी पाणी भरेल त्याला लांबच्या दोघांनी मेसेज करायचा. उत्तर नाही आलं तर सहा तासांनी परत, आणि मग दुसऱ्या नंबरवर.

हे करायला गाडीच लागते असं नाही. कॅरमवाले, ट्रेकवाले, गणपतीचं ढोलपथक, अगदी एकाच केटीला बसलेली मंडळीसुद्धा चालतील. रेक्टर सरांना आणि मॅडमना विनंती, प्रत्येक विंगची अशी यादी जूनमध्येच करून घ्यावी. एक तासाचं काम आहे.

आणि कोणी पुरानंतर तुम्हाला मेसेज केला, "बुलेट कशी आहे?" तर चिडू नका. त्याला बुलेटशी काही देणंघेणं नसतं. उत्तर द्या, तेही लवकर. तो वाट बघत असतो.