वर्खाआधी लेखणी

मध्ययुगीन युरोपात हस्तलिखितांतील आद्याक्षरे आणि समास सोन्याने व रंगांनी उजळण्याच्या कलेला इल्युमिनेशन म्हणतात. छपाई आल्यावर ही कला मागे पडली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील हौशी मंडळींनी ती पुन्हा हाती घेतली, तेव्हा अक्षराची बाह्यरेषा काढून आत रंग भरण्याची रीत पडली; त्यामुळे अक्षर नटले खरे, पण ते लिहिलेले राहिले नाही. एडवर्ड जॉन्स्टन यांनी १८९९पासून लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये घेतलेल्या वर्गांचे मोल यासाठी आहे की, त्यांनी शिक्षणाचा आरंभ सजावटीऐवजी लेखणीपासून केला.

रुंद टोकाची पिसाची लेखणी एकाच कोनात धरून फिरवली, की रेषा जिथल्या तिथे जाड किंवा बारीक होते. बोरूने अक्षर गिरवलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. दहाव्या शतकाच्या अखेरच्या रॅम्झी सॉल्टर या स्तोत्रग्रंथाचे वळण आदर्श मानून जॉन्स्टन यांनी शिकाऊंसाठी जी लिपिशैली बसवली, तिच्यात मूळ अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या चौपट आणि लेखणीचा कोन सुमारे ३० अंश असतो.

सोन्याचे काम मात्र हाताइतकेच हवेवर अवलंबून असते. विझवलेले प्लास्टर ऑफ पॅरिस, शिशाचा सफेदा, सरस आणि साखर यांचा गेसो नावाचा लेप वेलमवर, म्हणजे लेखनासाठी तयार केलेल्या वासराच्या कातड्यावर, किंचित उंचवटा येईल असा देतात. तो वाळल्यावर नळीतून त्यावर श्वास सोडला, की साखर ओल धरते, लेप चिकट होतो आणि त्यावर दाबलेला वर्ख नंतर अकीकाने घोटता येतो. कोरड्या हवेत वर्ख धरत नाही, आणि सफेदा विषारी असल्याने त्याची पूड हाताळताना सावध राहावे लागते, हे कृती वाचून सहसा लक्षात येत नाही. जॉन्स्टन यांच्या वर्गातून पुढे आलेल्या ग्रेली ह्यूइट यांनी या विस्मृत तंत्राचा पुन्हा शोध घेतला.

कामाचा क्रम समजण्यासाठी पूर्ण झालेल्या पानांपेक्षा विंचेस्टर कॅथीड्रलमधील बाराव्या शतकातील अपुरे बायबल अधिक उपयोगी आहे, कारण त्यातील काही आद्याक्षरे केवळ रेखाटलेली, तर काही सोने चढवून रंगाविना राहिलेली आहेत. सोने आधी चढवण्याचे कारण साधे आहे: रंग आधी दिला, तर वर्ख त्यातील डिंकालाही चिकटतो आणि घोटताना रंग खरवडला जातो.