सेन्सर गप्प झाला, तर घुमट मिटलाच पाहिजे

लडाखमध्ये हान्ले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, ‘ग्रोथ-इंडिया’ ही ७० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण २०१८पासून आकाशाचे वेध घेते आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी उभारलेली ही दुर्बीण स्वयंचलित आहे. अशा वेधशाळांत घुमट कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे सॉफ्टवेअर ठरवते. पाऊस, बर्फ किंवा दव थेट आरशावर आणि विजेच्या उपकरणांवर पडू शकते, म्हणून हवामानावर नजर ठेवणारा भाग हा त्या सॉफ्टवेअरचा सर्वांत जबाबदारीचा भाग. त्यातले दोष शोधताना पहिला प्रश्न एकच विचारायला हवा: माहिती येईनाशी झाली, तर हे सॉफ्टवेअर काय समजते?

ढग ओळखणारा सेन्सर आकाशाकडून येणारी अवरक्त उष्णता मोजतो. निरभ्र आकाश जमिनीलगतच्या हवेपेक्षा बरेच थंड भासते. ढग आले की हा फरक कमी होतो. जोडीला पाऊस, आर्द्रता आणि वारा मोजणारी उपकरणे असतात. ज्या मर्यादेपलीकडे घुमट मिटायचा, तिचा आकडा चुकीचा असेल, तर नोंदी तपासताना तो सापडतो. खरे घातक दोष असतात ते मुकेपणाचे. सेन्सरची केबल निघाली, तरी नोंदींच्या फाइलमधली शेवटची नोंद ‘आकाश स्वच्छ’ अशीच राहते आणि सॉफ्टवेअर तीच पुन्हा पुन्हा वाचत बसते. शिवाय संगणकात ‘ही संख्याच नाही’ अशी एक खूण असते. ती अमुक संख्येपेक्षा मोठी आहे का, असे विचारले की उत्तर नेहमी ‘नाही’ येते. म्हणजे ‘वारा मर्यादेबाहेर गेला तर घुमट मिट’ असा नियम असेल आणि बिघडलेल्या वेगमापकाकडून ही खूण आली, तर वादळातही घुमट उघडाच राहील. ‘वारा मर्यादेत आहे, असे ताज्या नोंदीने दाखवले तरच उघडा ठेव’ असा नियम लिहिला, की तीच खूण घुमट मिटवते. बर्फाने गोठून शून्य वेग दाखवणारे वेगमापक मात्र यातूनही निसटते. त्यासाठी पडताळणीला दुसरे उपकरण हवे.

यावर आक्षेप येतो की, इतकी सावधगिरी बाळगली तर निरभ्र रात्री वाया जातील. आकाशातल्या काही घटना थोडाच वेळ दिसतात; गॅमा किरण स्फोटानंतरचा प्रकाश काही तासांत मंदावतो. त्यामुळे ही तक्रार रास्त आहे. पण तिचा उपाय नियम सैल करण्यात नाही. नोंद किती जुनी चालेल याची मुदत ठरवावी, महत्त्वाचे सेन्सर दोन ठेवावेत आणि घुमट कशामुळे मिटला हे दर वेळी लिहून ठेवावे. मग खोटे इशारे कुठून येतात ते कळते आणि कमीही करता येतात. वाया गेलेली रात्र सोसता येते. भिजलेली दुर्बीण दीर्घकाळ बंद पडू शकते. दूरवरून कोणीतरी लक्ष ठेवतेच, हा दुसरा युक्तिवाद तर टिकतच नाही. वादळात वीज आणि इंटरनेट दोन्ही जाऊ शकतात. म्हणून मिटण्याचा निर्णय जागेवरच, राखीव विजेवर व्हायला हवा.

ज्यांच्याकडे अशी वेधशाळा आहे, मग ती संस्थेची असो वा हौशी मंडळाची, त्यांनी एखाद्या कोरड्या दिवशी दुर्बीण झाकून घुमट उघडावा आणि एकेका सेन्सरची, जोडी असेल तर दोन्हींची, केबल काढून पाहावी. प्रत्येक वेळी घुमट आपणहून मिटला, तरच त्या सॉफ्टवेअरवर रात्र सोपवावी.